कुत्र्यामांजरांचें संततिनियमन

घरांतील मांजर व्यालें म्हणजे पहिले कांहीं दिवस घरांत एक लहानसा उत्सवच असतो. मुलें शाळेंतून येतांच दप्तर टाकून कपाटाखालीं डोकावतात, आजी वाटींत दूध काढून ठेवते आणि पिल्लांचे डोळे उघडले कीं नाहीं याची चौकशी शेजारची मंडळीहि करून जातात. सहा आठवडे लोटतात. पिल्लें पडद्यांवर चढूं लागतात, गादीवर घाण करूं लागतात, आणि मग घरांतील वडील माणसांत निराळेंच बोलणें सुरू होतें : यांचें आतां करावयाचें काय? एकदोन पिल्लें ओळखीच्या घरीं जातात. उरलेलीं पिशवींत घालून मासळीबाजाराच्या मागें, मंडईंत किंवा नदीपलीकडच्या एखाद्या वस्तींत सोडलीं जातात. सोडून येणारा गृहस्थ दुष्ट असतो असें मुळींच नाहीं. तेथें त्यांना खावयास मिळेल, कोणीतरी त्यांना संभाळील, अशी तो स्वतःची समजूत घालतो. पुढें थोड्याच महिन्यांनीं मांजर पुन्हां व्यालेलें असतें आणि प्रश्न पुन्हां तोच उभा राहतो.

मांजर आपलीं पिल्लें सात घरें फिरवितें असें म्हणतात. मांजर मारल्याचें पातक काशीस गेल्यावांचून फिटत नाहीं, ही समजूतहि पुष्कळ घरांत आहे. त्यामुळें पिल्लांचा जीव सहसा कोणी घेत नाहीं. त्यांना फक्त सोडून देण्यांत येतें. मारणें आणि सोडणें यांत मोठें अंतर आहे, असें सोडणाऱ्याला वाटतें. पिल्लाच्या बाजूनें पाहिलें तर तें अंतर कितीसें उरतें, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

शास्त्रज्ञांनीं तो केला आहे. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंतील अभ्यासकांनीं बंगालमधील रस्त्यांवरच्या कुत्र्यांच्या ९५ वेतांतील ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलें आणि आपले निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध केले. स्वतः पिल्लें होण्याच्या वयास पोंचण्यापूर्वींच त्यांपैकीं सुमारें ८१ टक्के नाहींशीं झालीं. आणि या मृत्यूंपैकीं निम्म्याहून अधिक मृत्यूंत माणसाचा हात या ना त्या रीतीनें होता. मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांची एक पाहणी अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यांत झाली. तिच्यांतहि सहा महिन्यांच्या आंत जवळजवळ तीनचतुर्थांश पिल्लें मेलीं किंवा दिसेनाशीं झालीं. हीं पिल्लें निदान आपल्या आईजवळ होतीं. घरांत वाढलेलें, माणसाला न भिणारें, आईपासून तोडलेलें पिल्लूं अनोळखी रस्त्यावर सोडलें तर त्याची गत याहून बरी होईल असें मानण्यास कांहींच आधार नाहीं. सोडून देण्यानें पातक टळत नाहीं. तें डोळ्यांआड होतें, इतकेंच.

तेव्हां नकोशा पिल्लांचा प्रश्न पिल्लें जन्मल्यानंतर दयेनें सुटणारा नाहीं. तो सोडवावयाचा असेल तर तीं जन्माला येण्यापूर्वींच सोडविला पाहिजे. पाळीव कुत्र्यामांजरांचें निर्बीजीकरण हा त्याचा खात्रीचा उपाय होय.

या प्राण्यांची वाढ इतक्या झपाट्यानें कां होते, हें समजून घेण्यासारखें आहे. मांजरी पांचसहा महिन्यांची होतांच गाभण राहूं शकते, म्हणजे घरच्या माणसांना ती अजून पिल्लूंच वाटत असते. तिचा गर्भकाळ सुमारें नऊ आठवड्यांचा. पुष्कळशा प्राण्यांत बीज ठराविक काळीं आपोआप सुटतें. मांजरींत तें बहुधा नराशीं संग झाल्यावर सुटतें, त्यामुळें संग वायां जाण्याचा संभव फार थोडा. पहिलीं पिल्लें अंगावर पीत असतांनाच ती पुन्हां गाभण राहूं शकते. तिचा माज दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. थंड देशांत हिवाळ्यांतील लहान दिवसांमुळें तिला कांहीं महिने विश्रांति मिळते. मुंबई-पुण्याकडे दिवस तितके लहान होत नाहींत, म्हणून ही विश्रांतीहि तिच्या वांट्याला फारशी येत नाहीं. कुत्री साधारणपणें वर्षांतून दोनदां माजावर येते. रस्त्यावरच्या देशी कुत्र्यांचा हंगाम मात्र बहुधा पावसाळा सरतांना असतो; भाद्रपदांतल्या कुत्र्यांचा दाखला मराठी बोलण्यांत आहे तो यामुळेंच. हिंवाळ्याच्या तोंडाशीं गल्लोगल्लीं पिल्लें दिसूं लागतात, तीं याच हंगामाचीं.

एका मांजरीपासून सात वर्षांत लाखों मांजरें होतात, असे हिशेब प्रचारपत्रकांतून छापलेले आढळतात. ते खरे नव्हेत. जन्मलेलें प्रत्येक पिल्लूं जगेल असें त्यांत गृहीत धरलेलें असतें. लाखों मांजरें होत नाहींत, कारण बहुतेक पिल्लें मरतात. आणि खरी दुःखाची गोष्ट तीच आहे.

आतां ही शस्त्रक्रिया म्हणजे नेमकें काय? बोलतांना लोक तिला नसबंदी म्हणतात, परंतु तें नांव तितकेंसें बरोबर नाहीं. नसबंदींत बीज वाहून नेणारी नळी तेवढी बंद होते. शरीरांतील रस आणि त्यांपासून उत्पन्न होणारी वासना कायम राहते. कुत्र्यामांजरांत सामान्यतः बीज उत्पन्न करणारे अवयवच काढून टाकतात. नराचे दोन्ही वृषण लहानशा छेदांतून काढतात. मादीचे अंडाशय, आणि पुष्कळदां त्यांच्यासह गर्भाशयहि, पोटाला छेद घेऊन काढावे लागतात. मादीवरील शस्त्रक्रिया अर्थात् अधिक मोठी. दोन्ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होतात, त्यामुळें त्या चालू असतांना प्राण्याला वेदना जाणवत नाहींत. नंतरच्या ठणक्यावरहि औषध देतात. बोका दुसऱ्या दिवशीं पूर्ववत् हिंडूं लागतो. कुत्री किंवा मांजरी दोनचार दिवस मलूल असते आणि दहा ते चौदा दिवसांत तिची जखम भरून येते.

पिल्लें न होणें हा या शस्त्रक्रियेचा उघड हेतु. परंतु जिच्यावर ती होते त्या प्राण्याचाहि तींत मोठा लाभ आहे, आणि तो घरांतील मंडळींना बहुधा ठाऊक नसतो.

मादीचा मोठा वैरी म्हणजे गर्भाशयांत पू होण्याचा रोग. पशुवैद्य त्याला पायोमेट्रा म्हणतात. माज येऊन गेल्यावर कांहीं आठवड्यांनीं कुत्री खात नाहींशी होते, पाणी मात्र फार पिते, ओकाऱ्या करते, आणि वेळीं शस्त्रक्रिया झाली नाहीं तर दगावते. स्वीडनमध्यें निरोगी कुत्र्यांवर निर्बीजीकरण करण्याची चाल फारशी नव्हती, आणि तेथें कुत्र्यांचा विमा उतरण्याची पद्धत मोठी. त्यामुळें तेथील विम्याच्या नोंदींवरून या रोगाचें प्रमाण चांगलें कळून आलें. दहा वर्षांची होईपर्यंत जवळजवळ दर चार कुत्र्यांपैकीं एकीला हा रोग झालेला आढळला. अंडाशय आणि गर्भाशय काढलेल्या कुत्रीला तो होण्याचें जवळजवळ कारणच उरत नाहीं. म्हातारपणीं, रक्तांत विष भिनलेलें असतां, मध्यरात्रीं करावी लागणारी शस्त्रक्रिया आणि तरुणपणीं, अंगांत बळ असतां, ठरवून केलेली शस्त्रक्रिया यांत किती अंतर आहे हें सांगावयास नको.

दुसरा धोका स्तनांतील गाठींचा. मांजरींत अशा बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या असतात. सहा महिन्यांच्या आंत निर्बीजीकरण झालेल्या मांजरींत हा कर्करोग होण्याचा संभव ९१ टक्क्यांनीं कमी होतो, असें अमेरिकेंतील एका अभ्यासांत २००५ सालीं दिसून आलें. कुत्र्यांविषयींचे प्रसिद्ध आंकडे १९६९ सालचे आहेत : पहिल्या माजापूर्वीं शस्त्रक्रिया झाली तर शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्रीच्या मानानें धोका अर्धा टक्का उरतो, पहिल्या माजानंतर आठ टक्के आणि दुसऱ्यानंतर सव्वीस टक्के. ब्रिटनमधील संशोधकांनीं २०१२ सालीं सर्व पुरावा पुन्हां तपासला, तेव्हां तो समजला जातो तितका बळकट नाहीं असें त्यांना आढळलें. म्हणून या आंकड्यांवर फार भार देऊं नये. पण पशुवैद्यांचा सर्वसाधारण अनुभव त्याच दिशेचा आहे.

हिंदुस्थानांत आणखी एक रोग विशेष आढळतो. समागमाच्या वेळीं एका कुत्र्याच्या अंगांतील कर्करोगाच्या जिवंत पेशीच दुसऱ्याच्या अंगांत जातात आणि तेथें वाढतात. हा विलक्षण कर्करोग कित्येक हजार वर्षांपूर्वीं एका कुत्र्यांत उत्पन्न झाला आणि तेव्हांपासून कुत्र्यांतून कुत्र्यांत फिरत आला आहे. घरचा कुत्रा दारांतून निसटून एखादा दिवस बाहेर राहिला तरी तो हा रोग घेऊन येऊं शकतो. ज्याला बाहेर धांवण्याची ओढच उरली नाहीं, त्याला ही भीति फार थोडी.

नरांच्या बाबतींत शरीराइतकाच स्वभावांतील फरक महत्त्वाचा. वयांत आलेला बोका भिंतींवर, पलंगांवर, पुस्तकांच्या कपाटांवर मुताची फवारणी करतो, रात्रीं दुसऱ्या बोक्यांशीं झुंजतो आणि फाटका कान व पिकलेली जखम घेऊन घरीं येतो. या चावण्यांतूनच मांजरांचे कांहीं असाध्य रोग पसरतात. शस्त्रक्रियेनंतर सुमारें दहांपैकीं नऊ बोक्यांची फवारणी थांबते किंवा अगदीं कमी होते, आणि भटकणें व झुंजणें बरेंच उणावतें. कुत्र्यांतहि मादीच्या वासानें रस्ता ओलांडून धांवत सुटणें कमी होतें. गाडीखालीं सांपडण्याची पाळी पुष्कळदां त्या धांवण्यानेंच येते. वृषणांच्या गाठी होऊंच शकत नाहींत, आणि म्हातारपणीं प्रोस्टेट ग्रंथि सुजून होणारा त्रास टळतो. मात्र या शस्त्रक्रियेनें सर्व अवगुण जातात असें कोणी समजूं नये. भीतीनें चावणारा कुत्रा भीतीनें चावतच राहील. त्याला शिकवणच हवी. उलट, राखणदारी नाहींशी होईल ही भीतिहि निराधार आहे. दाराशीं परका आला असतां भुंकणें आणि घरच्यांवर प्रेम करणें, या दोन्ही गोष्टी वृषणांवर अवलंबून नसतात.

कित्येक घरांत शस्त्रक्रियेऐवजीं माज थांबविणारें इंजेक्शन किंवा गोळी देण्याचा मोह होतो, कारण तें स्वस्त व सोपें वाटतें. हीं औषधें वारंवार दिल्यानें गर्भाशयांत पू होण्याचा आणि स्तनांत गाठी होण्याचा धोका वाढतो. म्हणजे ज्या दोन रोगांपासून शस्त्रक्रिया वांचविते, त्याच दोन रोगांना हा सोपा उपाय आमंत्रण देतो.

शस्त्रक्रियेलाहि दुसरी बाजू आहे, आणि ती झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. निर्बीज प्राण्याची भूक वाढते आणि शरीराची गरज घटते; आहार बेतानें कमी केला नाहीं तर तो लठ्ठ होतो. कांहीं कुत्र्यांना, विशेषतः मोठ्या जातींच्या माद्यांना, पुढें झोंपेंत लघवी गळण्याची तक्रार उद्भवते. औषधानें ती बहुधा आटोक्यांत येते. मोठ्या जातींच्या कुत्र्यांत सांध्यांचा प्रश्नहि आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनीं २०१३ सालीं गोल्डन रिट्रीव्हर जातीविषयीं अभ्यास प्रसिद्ध केला. एका वर्षाच्या आंत शस्त्रक्रिया झालेल्या नरांत खुब्याच्या सांध्याचा विकार, शस्त्रक्रिया न झालेल्या नरांच्या सुमारें दुप्पट आढळला. लहान जातींत असा धोका सामान्यतः दिसत नाहीं. म्हणून मांजरीची शस्त्रक्रिया पहिल्या माजापूर्वीं, पांचव्या महिन्याच्या सुमारास उरकणें इष्ट; लहान व मध्यम कुत्र्यांची साधारण सहाव्या महिन्यानंतर; आणि मोठ्या जातीच्या कुत्र्याची मात्र हाडें भरल्यावर, पशुवैद्याच्या सल्ल्यानें करावी.

जमाखर्च मांडला तर बाजू कोणीकडे झुकते? जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं चाळीस हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी तपासून २०१३ सालीं असें दाखविलें कीं, निर्बीज केलेल्या नरांचें आयुष्य सुमारें १४ टक्क्यांनीं आणि माद्यांचें सुमारें २६ टक्क्यांनीं अधिक होतें. जे लोक शस्त्रक्रिया करवितात ते एकंदरींतच प्राण्याची काळजी अधिक घेतात, तेव्हां हें सर्व श्रेय शस्त्रक्रियेलाच देतां येणार नाहीं. पण तिनें आयुष्य घटतें, ही समजूत तरी यापुढें धरून बसण्याचें कारण नाहीं.

तरीहि मन कचरतें, आणि त्याचीं कारणें वैद्यकांत नसून भावनेंत असतात. “एकदां तरी होऊं द्या हो, बिचारीला आईपण मिळूं द्या,” असें घरांतील म्हातारी माणसें कळवळ्यानें म्हणतात. कळवळा खरा असतो. पण माणसाच्या स्त्रीला मातृत्वाचें जें स्वप्न पडतें, तें कुत्रीला पडत असल्याचें कोठेंहि दिसून आलेलें नाहीं. एक वेत झाल्यानें तिची प्रकृति सुधारते यासहि आधार नाहीं. आणि ज्या आईपणाचा शेवट पिल्लें एकेक करून हातांतून काढून घेण्यांत व्हावयाचा, तें देण्यांत दया ती कोणती?

दुसरा आक्षेप, हें निसर्गाविरुद्ध आहे, असा. पण तिसऱ्या मजल्यावर, बंद दारामागें, ताटलींतून खाणारा कुत्रा निसर्गाच्या स्वाधीन आहेच कोठें? त्याचें खाणें, हिंडणें, झोंपणें सर्व माणसानें ठरविलें आहे. फक्त वासना तेवढी निसर्गाची ठेवावयाची आणि तिची पूर्ति मात्र होऊं द्यावयाची नाहीं, हा त्या जिवाचा छळच होय. माजावर आलेली मांजरी रात्रंदिवस कशी आक्रोश करीत फिरते, हें ज्या घरानें ऐकलें आहे त्याला हें निराळें सांगावयास नको.

शिवाय ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाहीं. पोळ्याच्या दिवशीं ज्याला न्हाऊं घालून, शिंगें रंगवून, पुरणपोळीचा घांस भरवितात तो बैल खच्ची केलेलाच असतो. पूर्वीं शेतकरी खोंडाला बडवून घेत, आणि तेंहि भूल न देतां. आपल्या सोयीसाठीं खोंडाच्या बाबतींत जें पिढ्यान्पिढ्या मान्य झालें, तें भूल देऊन, वेदना न होऊं देतां, प्राण्याच्याच हितासाठीं करावयाचें म्हटलें कीं क्रूर ठरावें, हें न्यायाला धरून नाहीं.

घराच्या उंबरठ्याबाहेरहि या प्रश्नाचा एक भाग आहे. बेवारस कुत्रीं मारून टाकण्याचा मार्ग मुंबईनें फार जुन्या काळापासून पाहिला. सरकारी हुकुमानें कुत्रीं मारलीं जाऊं लागलीं म्हणून १८३२ सालीं पारशी समाज खवळला आणि शहरांत दंगल झाली. त्यानंतरहि मारणें चालूच राहिलें, आणि कुत्रींहि राहिलींच. मद्रासेंत ब्लू क्रॉस या संस्थेनें १९६४ सालीं निर्बीजीकरणाचा मार्ग धरला. १९९० नंतरच्या दशकांत मुंबई महापालिकेनेंहि मारण्याचें धोरण सोडून तो स्वीकारला. केंद्र सरकारनें २००१ सालीं यासाठीं नियम केले, आणि २०२३ सालीं त्यांच्या जागीं नवे नियम आणले. कानाला खांच असलेला रस्त्यावरचा कुत्रा दिसतो तो शस्त्रक्रिया झालेला, अशी ती खूण आहे. २०१४ सालच्या मोजणींत मुंबईंत अशीं रस्त्यावरचीं कुत्रीं सुमारें ९५ हजार भरलीं. संस्था आणि महापालिका एका बाजूनें ही संख्या आवरण्याची खटपट करीत असतां, सुशिक्षित घरांतूनच दुसऱ्या बाजूनें पिल्लांची भर पडत राहिली तर ती खटपट पुरी होणार कशी? म्हणूनच २०२३ च्या नियमांत पाळीव प्राण्याच्या निर्बीजीकरणाची आणि लसटोंचणीची जबाबदारी धन्यावर टाकलेली आहे. या दोन्ही गोष्टी जोडीनेंच व्हावयास हव्यात. शस्त्रक्रियेनें पिसाळीचा रोग टळत नाहीं, त्याला दरसालची लसच पाहिजे.

प्रत्यक्ष करावयाचें तें थोडकेंच आहे. प्राणी निरोगी असतांना, लसी पूर्ण करून, पशुवैद्याकडे दिवस ठरवून घ्यावा. ते सांगतील तितके तास त्याला उपाशी ठेवावें. घरीं आणल्यावर ऊब आणि स्वस्थता द्यावी. जखम चाटूं नये म्हणून गळ्यांत कागदी किंवा प्लास्टिकची शंकूच्या आकाराची पट्टी मिळते, ती प्राणी कितीहि रुसला तरी काढूं नये. टाके सुटेपर्यंत आंघोळ आणि उड्या वर्ज्य. जखमेला सूज, वास किंवा पाणी दिसल्यास थांबूं नये. खर्चाची अडचण असेल त्यांनीं धर्मादाय पशुरुग्णालयांत किंवा प्राणिमित्र संस्थांकडे चौकशी करावी. तेथें ही शस्त्रक्रिया पुष्कळदां अल्प खर्चांत होते.

मराठींत माणूस प्राणी पाळतो आणि वचनहि पाळतो. दोहोंना क्रियापद एकच आहे. एखादें जनावर घरांत घेणें म्हणजे त्याच्या अन्नाची, आजाराची आणि म्हातारपणाची हमी घेणें होय. त्याच्या संततीचीहि हमी त्याच वचनांत येते. ज्यांच्यासाठीं चांगलीं घरें आधींच ठरलेलीं नाहींत तीं पिल्लें जन्मालाच येऊं न देणें, हा ती हमी पुरी करण्याचा सरळ आणि खरा मार्ग आहे.